कागद घराबाहेर जाणार नाही

पेटीतले जमिनीचे जुने कागद एकदा स्कॅन करून ठेवू, असं मी सहा-सात वर्षं म्हणत होतो आणि गावाकडचे माझे चुलते, तात्या, दर वेळी "बघू दिवाळीला" म्हणत होते. दिवाळीला गेलं की "आता कुठं, सुगी चालूय." मग २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला लागली आणि आमच्या केज तालुक्यात घरोघर माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या. आमचीही उतरली. या वेळी तात्यांनी आपणहून फोन केला.

"ये घिऊन तुझं ते मशीन. पण आधीच सांगून ठिवतो, कागद घराबाहेर जाणार न्हाई. झेरॉक्सवाल्याकडं तर मुळीच न्हाई."

या अटीमागे एक जुनी जखम आहे. कुळ कायद्यातलं ३८ ई चं, म्हणजे जमीन कुळाच्या मालकीची झाल्याचं, प्रमाणपत्र तात्यांनी कधीकाळी एका वकिलाकडं 'दोन दिवसांसाठी' दिलं होतं. ते अजून यायचंय. तेव्हापासून पेटीची किल्ली त्यांच्या करदोट्याला असते.

मी राहतो छत्रपती संभाजीनगरात. माझ्याकडं वडिलांची, म्हणजे अण्णांची, वेगळीच इस्टेट: स्लाइडचे चार डबे. अण्णा जायकवाडीवर ओव्हरसियर होते. साहेबांना वरच्या बैठकांत दाखवायला धरणाच्या कामाच्या स्लाइड लागत आणि कॅमेऱ्याची हौस असल्यानं ते काम अण्णांकडं आलेलं. साहेबांना द्यायच्या त्या दिल्या, उरलेल्या घरी आल्या. ३४० भरल्या. प्रोजेक्टरचा बल्ब कधीच गेलेला, त्यामुळं पंचवीसेक वर्षं त्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. खिडकीकडं धरून एखादी बघायची, "हे पैठणचं दिसतंय" म्हणायचं आणि परत डब्यात.

तेव्हा माझा हिशेब साधा होता. गावी नेता येईल असं हलकं मशीन घ्यायचं, त्यात कागदही करायचे आणि स्लाइडही. एका दगडात दोन पक्षी. या हिशेबात माझे पाच महिने गेले.

हिशेब कुठं चुकला ते आकड्यांत सांगतो, कारण मलाही ते आकडे मांडल्यावरच कळलं. स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट ५० मिलिमीटरची असते, पण आतली फिल्म फक्त ३६ बाय २४ मिलिमीटर. कागदासाठी ६०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, ही चैन. तेच ६०० डीपीआय या फिल्मला लावले तर चित्र येतं ८५० बाय ५६७ ठिपक्यांचं, म्हणजे अर्धा मेगापिक्सेलसुद्धा नाही. ३२०० डीपीआय लावले तर ४५३५ बाय ३०२४, साधारण १४ मेगापिक्सेल. दुसरी गोष्ट उजेडाची. कागदावर उजेड पडून परततो, फिल्ममधून तो आरपार जावा लागतो. म्हणून स्लाइड करणाऱ्या स्कॅनरच्या झाकणातही दिवा असतो, आणि तो दिवा बसवला की मशीन पिशवीत मावत नाही.

हे कळायच्या आधी मी काय काय आणलं ते सांगतो.

पहिली आली कांडी. फूटभर लांबीची, पेनसेलवर चालणारी. कागदावर ठेवून हातानं वरून खाली ओढायची. मागवली ऑनलाइन, स्वस्तात मिळाली. लॅपटॉप नको, वीज नको, चित्र आतल्या कार्डावर साठतं. वर्तमानपत्रावर झकास चालली. मग घडी पडलेल्या जुन्या पत्रावर ओढली तर घडीच्या उंचवट्यावर चाक अडखळलं आणि तेवढ्या ओळी ताणल्यासारख्या लांब झाल्या. हात जरा जोरात गेला की लाल दिवा, पुन्हा पहिल्यापासून. वाळलेल्या कागदावर चाकं फिरवायची कल्पनाच मला नंतर सहन होईना. दोनशे कागद म्हणजे दोनशे वेळा हात न थरथरता ओढणं. आमच्या घरात तेवढा स्थिर हात फक्त आईचा होता, रांगोळीचा.

दुसरा होता कागद ओढून घेणारा, प्लास्टिकच्या पट्टीएवढा लांब आणि मुठीएवढा जाड. हा मित्राच्या ऑफिसातून चार दिवस आणला. नव्या कागदांना याच्यासारखं दुसरं काही नाही. सातबारा, आठ-अ, बियाण्याची बिलं, सोसायटीच्या पावत्या, एकामागून एक सरकवत गेलं की सात-आठ सेकंदांत पान तयार. चाचणी म्हणून त्यात मी १९७८ ची पाणीपट्टीची पावती घातली. सुदैवानं तेवढीच घातली. रोलरनं ती आत घेतली, मध्ये थांबला, आणि बाहेर आली तेव्हा तिची पंख्यासारखी घडी झालेली होती. असे नाजूक कागद पारदर्शक पाकिटात घालून सोडायचे असतात, हे माहितीपत्रकात होतं. मी ते पावती इस्त्री करताना वाचलं. (इस्त्रीही करायची नसते. तेही नंतर वाचलं.) शिवाय आतल्या काचेवर धुळीचा एक कण बसला की पुढच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ येते. आमच्या गावात उन्हाळ्यात धुळीचा एकच कण शोधून दाखवा.

मोबाइल तर होताच. भाचा म्हणाला, "मामा, एवढं कशाला, ॲप आहे की." त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण त्यात एक खोट निघाली, ती पुढं येते.

शेवटी गावासाठी ठरला तो सपाट काचेचा, कॅननचा लाइड ३००. वजन १.७ किलो. लॅपटॉपच्या यूएसबी वायरवरच चालतो, वेगळा ॲडॅप्टर नाही. गावाकडं दुपारी लाइट जाते, तिथं हा गुण बाकी सगळ्यांवर भारी. त्याची मर्यादा आधीच कळली होती: आतली सेन्सरची पट्टी काचेला जवळजवळ चिकटून असते, त्यामुळं काचेला टेकलेलं तेवढंच धारदार येतं. घडीचा भाग एक-दोन मिलिमीटर वर राहिला की अक्षर धूसर. आणि फिल्म तो करत नाही. म्हणजे एका दगडातला एक पक्षी उडालाच.

मार्चमध्ये गेलो. तात्यांनी ओसरीत सतरंजी घातली, वर धुतलेली चादर, आणि पेटी मध्यभागी आणून ठेवली. आत तीन बस्ते, लाल कापडात बांधलेले, डांबराच्या गोळ्यांचा वास. एकेक कागद तात्या स्वतः काढणार, माझ्या हातात देणार, मी काचेवर ठेवणार, परत त्यांच्या हातात. ते तो जागेवर ठेवणार आणि मगच पुढचा. मला वाटलं होतं ताशी चाळीस कागद होतील. बारा-तेरा झाले. कारण प्रत्येक कागदाला गोष्ट होती आणि ती ऐकल्याशिवाय पुढचा कागद सुटत नव्हता.

खरी अडचण आली लांबीची. निजामाच्या काळातले स्टँप कागद फुलस्केप लांबीचे, चौदा इंचांच्या आसपास. स्कॅनरची काच ए-फोर, म्हणजे पावणेबारा इंच. वरचा भाग एकदा, खालचा एकदा, मध्ये तीन-चार बोटं दोन्हींत यायला हवीत, मग लॅपटॉपवर जोडायचं. जोडताना ओळ अर्धा मिलिमीटर सरकली तरी उर्दूतले नुक्ते इकडचे तिकडं होतात, म्हणून सुटे दोन भागही जपून ठेवले. खरेदीच्या आधी मी डीपीआय, वेग, वजन, किंमत सगळं ताडून पाहिलं होतं. पट्टी घेऊन एक कागद मोजायचं मात्र सुचलं नव्हतं.

दुसरी अडचण पाठीवरच्या शाईची. पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, मागची अक्षरं पुढं उमटून सगळं गिचमीड. यावर उपाय अगदी सोपा निघाला. कागदाच्या मागं काळा कार्डशीट ठेवायचा. झाकणाच्या आतला पांढरा रंग उजेड परतवतो आणि मागची शाई दाखवतो, काळा तो उजेड गिळतो. केजच्या स्टेशनरीच्या दुकानात काळा शीट मिळाला आणि निम्मे कागद परत स्कॅन केले. तात्यांनी निम्म्या गोष्टीही परत सांगितल्या.

कुणीतरी पूर्वी चिकटवलेल्या सेलोटेपच्या पट्ट्या तपकिरी होऊन कागदात मुरल्या होत्या. त्या काढायचा मोह मी आवरला. टेपबरोबर अक्षरं निघतात. घड्याही जशा पडल्यात त्याच बाजूनं उलगडायच्या, उलट्या मोडायच्या नाहीत. गावाचा कापडावर डकवलेला नकाशा तर काचेवर येणं शक्यच नव्हतं. तो ओसरीच्या भिंतीवर ताणून धरला आणि सकाळच्या पसरट उजेडात मोबाइलनं समोरून, तुकड्या-तुकड्यांनी घेतला. तिथं मोबाइलच बरा.

मोबाइलची खोट कळली ती मास्तरांमुळं. गल्लीच्या टोकाला निवृत्त उर्दू शिक्षक राहतात, आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो. संध्याकाळी ते चहाला आले तेव्हा भाच्यानं आधीच ॲपमधून काढलेला एक दस्त मी त्यांना दाखवला. पांढराशुभ्र कागद, काळीभोर अक्षरं, झेरॉक्सपेक्षा छान. मास्तरांनी वाचला, खुर्दाद १३४९ फसली (निजामाच्या काळातला सन), अमुक सर्व्हे नंबर, अमुक एकर, रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयांत. मग म्हणाले, "लेकिन इस पर मोहर नहीं है. मोहर नसलेला कागद तुमच्या आजोबांनी ठेवला कशाला?"

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बस्त्यातून तोच कागद काढला. मोहर होती. फिकट जांभळी, डाव्या कोपऱ्यात, तिच्याखाली पेन्सिलीनं काहीतरी आकडा. ॲपनं कागद 'स्वच्छ' करताना ती मोहर आणि पेन्सिल दोन्ही डाग समजून पुसून टाकली होती. कागद पांढरा करण्याची ती सोय आपोआप चालू असते. ती बंद करून रंगीत मूळ चित्र घेतलं की मोबाइलही बरं काम करतो, पण हे माहीत असणाऱ्यासाठी. मी त्या रात्री लाइडवर तो दस्त ६०० डीपीआयवर, पूर्ण रंगात घेतला. बाकी कागद ३०० वर केले होते, पण मोहर, शिक्का, पेन्सिल असलेले सगळे दुसऱ्या दिवशी पुन्हा ६०० वर केले. ए-फोरचं एक रंगीत पान ३०० वर न दाबलेल्या टिफ फाइलमध्ये २६ एमबी, ६०० वर १०४. जागा जाते. जाऊ दे.

फसली सनाचं गणित मास्तरांनीच शिकवलं: ५९० मिळवायचे, पण सन ऑक्टोबरात बदलायचा, म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१. खुर्दाद म्हणजे एप्रिलच्या सुमाराचा महिना, तेव्हा तो दस्त १९४० चा. फाइलींची नावं मी याच पद्धतीनं दिली: आधी इसवी सन, मग फसली, मग जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर, मग कागदाचा प्रकार. खासरा पाहणी, म्हणजे कुठली जमीन कुणाकडं याची नोंद, १९५४-५५ ची नक्कल सापडली तिच्यावर फक्त सर्व्हे नंबर आहे, जमिनींच्या एकत्रीकरणानंतर तोच तुकडा दुसऱ्या गटात गेला. दोन्ही आकडे नावात नसते तर सहा महिन्यांनी मलाच काही सापडलं नसतं. दोन दिवसांचं काम पाच दिवसांत संपलं. २१४ कागद. किल्ली करदोट्याला परत गेली.

स्लाइडचं काम घरी. तिथं वजनाची फिकीर नव्हती, पण मी 'सुटसुटीत'च्या नादातून अजून बाहेर आलो नव्हतो. एकानं चौकोनी डबीसारखा फिल्म स्कॅनर दिला, वर छोटा पडदा, एका बाजूनं स्लाइड ढकलायची, बटण दाबायचं, तीन सेकंदांत चित्र. एका संध्याकाळी ऐंशी झाल्या. मुलगी खूश. खोक्यावर ठळक अक्षरांत २२ मेगापिक्सेल, बारीक अक्षरांत आतला सेन्सर १४ चा. बाकीचे आठ मशीन स्वतः फुगवून घालतं. आपल्याकडं दुधाच्या बाबतीत याला वेगळा शब्द आहे. तरी तेही चाललं असतं. चाललं नाही ते आकाश. मराठवाड्यातलं दुपारचं आकाश स्लाइडवर आधीच फिकट, डबीनं ते पार कोरं पांढरं करून टाकलं, आणि त्यातच क्रेनचा शेंडा गेला. डबी फक्त जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, देते, त्यामुळं गेलेलं परत आणायला मागं काही उरत नाही. फिल्मवरची धूळ तर जशीच्या तशी.

मग एका स्टुडिओवाल्याकडून एप्सनचा व्ही ६०० महिनाभर भाड्यानं घेतला. चार किलोंचं धूड, झाकणात दिवा, एका वेळी चार स्लाइड. यात धूळ ओळखायची एक युक्ती आहे: आधी दिसणाऱ्या उजेडात स्कॅन, मग इन्फ्रारेडमध्ये. फिल्मवरचे रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे अडवतात. त्यामुळं कुठं कचरा आहे याचा नकाशाच मशीनला मिळतो आणि तेवढी जागा ते भरून काढतं. ही युक्ती कोडॅक्रोमवर आणि चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर नीट चालत नाही, कारण तिथं खुद्द चित्रच इन्फ्रारेडला अडवतं. अण्णांच्या डब्यात कोडॅक्रोम एकच रोल निघाला, साहेबांच्या मेहुण्यानं परदेशातून आणलेला. त्यातल्या माणसांचे चेहरे धूळसफाईत मेणाचे झाले, म्हणून तेवढ्या छत्तीस सफाई बंद करून, रबरी फुग्यानं हवा मारून केल्या. बाकी सगळा माल ऑर्वोचा, पूर्व जर्मनीचा.

मशीन ६४०० डीपीआय सांगतं. मी एक स्लाइड ३२०० आणि ६४०० दोन्हीवर काढून शेजारी ठेवली. फाइल चौपट झाली, पाटीवरचं अक्षर तेवढंच राहिलं. मग ३२०० कायम. धूळसफाईसकट चार स्लाइडना अकरा-बारा मिनिटं. ८५ फेऱ्या, म्हणजे सोळा-सतरा तास, रोज रात्री जेवणानंतर दोन-दोन तास. पहिल्या फेरीत चारही उलट्या घातल्या. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. कुठली खाली ते विसरलो होतो. कळलं ते पाटीमुळं, 'जायकवाडी प्रकल्प' आरशात पाहिल्यासारखं उलटं आलं.

अण्णांची लाडकी स्लाइड २४ फेब्रुवारी १९७६ ची, धरणाच्या लोकार्पणाची. मांडव, माणसांचा समुद्र, लांब व्यासपीठ, आणि त्यावर "त्या बघ इंदिराबाई." लहानपणी भिंतीवर प्रोजेक्टरनं पाहताना मी कित्येकदा बोट ठेवून विचारलंय, ह्या का? ३२०० वर वाटलं, आता लागेल छडा. मोठं करत गेलो. एक पांढरा ठिपका मोठा पांढरा ठिपका झाला. लेन्सनंच जे पाहिलं नव्हतं ते स्कॅनर कुठून आणणार. मुलगी म्हणाली, "बाबा, तो खांब आहे."

ऑर्वोच्या स्लाइड पन्नास वर्षांत लालसर पडल्या होत्या. निळसर रंगाचा थर आधी उडतो, मागं लाली उरते. मूळ टिफ तशाच ठेवून मी त्यांच्या प्रतींवर रंग दुरुस्त करत बसलो. मी अंदाज लावला तो असा, की गोदाकाठची माती काळी, माणसं सावळी, तेव्हा चित्रातली लाली काढत जायची, माती काळी होईपर्यंत. साठेक स्लाइड केल्या. फार समाधान वाटत होतं.

जूनमध्ये तात्या मोतीबिंदूच्या डोळ्याची तपासणी करायला आले. ७२ च्या दुष्काळात ते चार महिने धरणावर अण्णांकडं राहिले होते, मस्टरवर नाव लावून, टोपल्या वाहिल्या होत्या. टीव्हीवर स्लाइड लावल्या. चार-पाच होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही काय करायलास तू?"

"का, काय झालं?"

"ही काळी माती न्हाई. ही वरची बाजूय, केसिंग. मुरूम हाय त्यो. काळी मदी असती, हार्टिंगला. पाणी दाबायला काळी, वरून मुरूम. तुझ्या बापानं मला पैल्या दिवशी शिकिवलं, काळीची टोपली मुरमात टाकली तर मस्टर कापीन म्हणून."

मी लॅपटॉप आणला. मूळ टिफ उघडली, लालभडक. तात्या खुर्ची ओढून शेजारी बसले, ऑपरेशन झालेला डोळा चोळू नका म्हटलं तरी चोळत.

"एवढी लाल न्हवती."

मी लाली कमी केली.

"आता लई गेली. जरा माघारी घे."

घेतली.

"अजून. अजून उलसं. हां, थांब."